केमोच्या दिवसांत घरी काय होतं, काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आईला स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा तिला एकूण १६ केमो लागल्या. पहिल्या चार दर २१ दिवसांनी. त्यात डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन औषधं असतात. डॉक्सोरुबिसिनचा रंग सरबतासारखा लाल, म्हणून वॉर्डात सगळे त्याला 'लाल औषध' म्हणायचे. मग दर आठवड्याला एक अशा पॅक्लिटॅक्सेलच्या १२. तेव्हापासून ओळखीच्या आणि त्यांच्या ओळखीच्या घरांतून फोन येत राहिले. प्रश्न बहुतेक तेच असायचे, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत.

मी डॉक्टर नाही. कुठली गोळी घ्यायची, किती, कधी बंद करायची हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. घरात सांभाळणारं माणूस म्हणून जे पाहिलं आणि डॉक्टरांना, सिस्टरांना पुन्हा पुन्हा विचारून पक्कं करून घेतलं, तेवढंच इथे आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. आपल्याकडे, त्यातून बायकांना, सोसायची फार सवय. 'केमो म्हटल्यावर एवढं होणारच' म्हणून आई गप्प बसायची. तपासणीला गेलो की डॉक्टरांनी विचारायच्या आत म्हणायची, "नाही हो, काही नाही, बरी आहे." आज यातल्या बऱ्याच त्रासांवर औषध आहे, पण न सांगितलेल्या त्रासावर कोण काय देणार? म्हणून एक साधी वही करा. तारीख, केमोचा कितवा दिवस, ताप, किती खाल्लं, उलट्या किती, पोट साफ झालं का, एवढंच लिहा. पुढच्या वेळी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

सगळ्यात जास्त लक्ष कशावर ठेवायचं?

तापावर. बाकी सगळं त्यानंतर.

केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. लोक म्हणतात, 'काउंट उतरले'. बऱ्याच औषधांत हे काउंट साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सगळ्यात खाली असतात. त्या वेळी जंतुसंसर्ग झाला तर लढायला शरीरात शिपाईच नसतात. पू होत नाही, सूज फारशी येत नाही, खोकलाही नसतो. ताप ही एकच खूण दिसते, आणि कधीकधी तीही नसते, नुसती थंडी वाजते. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात जायचं. सकाळची वाट बघायची नाही.

आमच्याकडे दुसऱ्या केमोच्या दहाव्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, "जरा कणकण वाटतेय." मी अंगाला हात लावला, फार गरम लागलं नाही. घरात पॅरासिटामॉल होतं, ते दिलं. ताप उतरला, आम्ही झोपलो. पहाटे ती थंडीने अशी थडथडत होती की पलंग हलत होता. दवाखान्यात गेल्यावर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या मुख्य पांढऱ्या पेशी, ३०० निघाल्या. ५०० च्या खाली धोका मोठा असतो. शिरेतून अँटिबायोटिक देत सहा दिवस अ‍ॅडमिट राहावं लागलं. त्या गोळीने ताप झाकला आणि आमचे आठ-नऊ तास गेले. मला ते अजून सलतं.

तेव्हा डिजिटल थर्मामीटर घ्या, दोनच घ्या, एक बिघडला तर दुसरा हवा. हाताने ताप बघू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका. कोणत्या नंबरवर फोन करायचा, रात्री कोणत्या दारातून आत जायचं, हे पहिल्या केमोच्या दिवशीच विचारून फ्रिजवर चिकटवा. गावात राहत असाल आणि मोठं हॉस्पिटल दोन-तीन तासांवर असेल, तर जवळच्या कुठल्या दवाखान्यात पहिलं अँटिबायोटिक मिळू शकतं तेही आधीच ठरवून ठेवा. तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं: "पेशंट केमोवर आहे, आज अमुक दिवस आहे."

ताप सोडून आणखी कधी धावायचं?

धाप लागली, छातीत दुखलं, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला. नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून किंवा शौचातून रक्त आलं, किंवा अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले (हे प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी झाल्याचं लक्षण). घोटभर पाणीही चोवीस तास पोटात टिकत नाही. रोजच्यापेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब झाले. एकच पाय किंवा एकच हात सुजून दुखायला लागला. यांतलं काहीही झालं तर थांबू नका.

आणि केमो चालू असतानाच सुईच्या जागी आग झाली, चिमटे आले, फुगलं, तर त्याच क्षणी सिस्टरांना हाक मारायची. लाल औषध शिरेबाहेर गेलं तर मांसाला इजा करतं. 'सिस्टर कामात आहेत, नंतर सांगू' असं तिथे चालत नाही.

कोणत्या दिवशी काय होईल हे आधी कळतं का?

बरंचसं कळतं, आणि ते कळलं की भीती निम्मी होते. लाल औषध दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाला झोंबतं, म्हणून त्या दोन दिवसांत पाणी भरपूर प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही, रात्रीही उठायचं.

पहिले दोन-तीन दिवस पेशंट कधीकधी अगदी तरतरीत दिसतो, आवराआवर करायला लागतो. ते केमोसोबत देतात त्या डेक्सामेथासोन नावाच्या स्टेरॉइडमुळे. तेच रात्रीची झोपही उडवतं. म्हणून ती गोळी सकाळी, खाऊन मगच घ्यायची असते. संध्याकाळचा डोस लिहिला असेल तर तो दुपारी घेतला तर चालेल का ते विचारा. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर चढते, ती तपासत राहा. स्टेरॉइड थांबलं की चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस एकदम गळून जातो, काहींना रडू येतं. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या वेळी पाचव्या दिवशी आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि आम्ही सगळे घाबरलो. दुसऱ्या वेळी पाचव्या दिवशी मी सुट्टीच घेतली.

मग काउंट उतरण्याचा आठवडा. आणि तिसरा आठवडा बहुतेक बरा जातो. बँकेची कामं, देवदर्शन, नातवंडांना भेटणं, आवडीचं जेवण, सगळं त्या आठवड्यात ठेवा. दर आठवड्याच्या केमोचं किंवा वेगळ्या औषधांचं गणित वेगळं असतं. वहीत दोन फेऱ्या लिहून झाल्या की तुमच्या माणसाचं वेळापत्रक तुम्हालाच दिसायला लागेल.

उलटीच्या गोळ्या उलटी होत नसली तरी घ्यायच्या का?

हो. ही चूक फार घरांत होते. पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या डब्यातच राहतात, कारण त्या महागही असतात. केमोची मळमळ दोन टप्प्यांत येते, पहिल्या चोवीस तासांत आणि नंतर दोन ते पाच दिवसांत. अ‍ॅप्रेपिटंटच्या तीन दिवसांच्या कॅप्सूल या दोन्ही टप्प्यांसाठी असतात. उलटी सुरू झाल्यावर थांबवणं कठीण, आधी अडवणं सोपं.

रात्री घ्यायची ओलान्झापिन ही गोळी लिहून दिली की लोक नेटवर बघतात आणि 'ही तर मनोविकाराची गोळी' म्हणून हादरतात. अगदी कमी डोसमध्ये ती मळमळीवर उत्तम काम करते, म्हणून देतात. तिने झोप येते, ही तक्रार खरी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २.५ मिलिग्रॅमचा डोस नेहमीच्या १० मिलिग्रॅमइतकाच उपयोगी ठरला, आणि गुंगी कमी होती. तुमचा माणूस दिवसभर पेंगत असेल तर गोळी परस्पर बंद न करता डोसाबद्दल विचारा.

औषधाबरोबर घरातलंही बघा. फोडणीचा वास, उदबत्ती, फिनेल, अत्तर, तळण यांनी मळमळ उसळते. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, पेशंट अंगणात किंवा गॅलरीत असताना फोडणी द्या. जेवण कोमट किंवा गार द्या, गरम पदार्थाचा वास जास्त येतो. आलेपाक, सुंठ-लिंबू, कोरडी राजगिऱ्याची वडी, ज्वारीच्या लाह्या हे तोंडात टाकायला जवळ ठेवा.

आणि केमोच्या दिवशी डब्यात आवडीचा पदार्थ नेऊ नका. मन त्या चवीची आणि त्या मळमळीची गाठ बांधून टाकतं. आईला पुरणपोळी जीव की प्राण. पहिल्या केमोला मावशीने ती प्रेमाने करून आणली. पुढे वर्षभर आईला पुरणाचा वासही सहन होत नव्हता.

काही खावंसंच वाटत नाही म्हणते. काय करून देऊ?

प्रथम, ताट भरून वाढू नका. भरलेलं ताट बघूनच पोट भरतं. वाटीत द्या, दर दोन तासांनी द्या, आणि 'अजून दोन घास' म्हणून मागे लागू नका. मी लागले होते. त्यातून भांडणं झाली, घास काही वाढले नाहीत.

आमच्याकडे चाललेलं सांगते. मऊ भात, त्यावर साजूक तूप आणि मेतकूट. मुगाच्या डाळीची पातळ खिचडी. नाचणीचं सत्त्व, ताकातलं खारं किंवा दुधातलं गोड. तोंडाला चव नसेल तेव्हा आमसुलाचं सार, पण तोंड आलेलं नसेल तरच. कुळथाचं पिठलं आणि मऊ भाकरी तिसऱ्या आठवड्यात. अंडं खाणाऱ्यांनी पूर्ण उकडलेलं रोज खावं. खात नसतील तर आजारपणात धर्मसंकट उभं करू नका. डाळी, पनीर, दूध, शेंगदाण्याचं कूट, उकडलेले चणे यांतूनही प्रथिनं मिळतात. झिजलेल्या पेशी पुन्हा बांधायला प्रथिनंच लागतात, त्यामुळे नुसत्या फळांवर आणि नारळपाण्यावर माणसाला ठेवू नका.

तोंडात लोखंडासारखी चव येते, असं पुष्कळ जण सांगतात. स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा, काचेची वाटी वापरून बघा. जेवणाआधी चूळ भरली तरी थोडा फरक पडतो.

साखर खाल्ली की कर्करोग वाढतो, असं ऐकून घरोघरी पेशंटचा चहादेखील बिनसाखरेचा केलेला दिसतो. शरीरातल्या सगळ्याच पेशी साखर वापरतात. साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो. मधुमेह नसेल तर शिऱ्यात साखर घाला. आणि चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार यांचे उपवास केमोच्या दिवसांत सोडून द्या. आईने तिच्या गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, औषध हाच सध्या तुमचा नेम. त्यानंतर तिने उपवासाचा विषय काढला नाही.

कच्चं काहीच खायचं नाही का?

सगळंच उकळून, शिजवून द्यायचं असा कडक नियम पूर्वी होता. अशा आहाराने जंतुसंसर्ग कमी होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. स्वच्छता मात्र हवीच. घरी धुऊन, सोलून लगेच खाल्लेलं केळं, पपई, डाळिंब, मोसंबी चालतं. काउंट खाली असताना टाळायच्या गोष्टी: बाहेरची कापलेली फळं, उसाचा रस, पाणीपुरी, हातगाडीवरची चटणी, बर्फाचा गोळा, न तापवलेलं दूध, अर्धकच्चं अंडं, आणि कच्ची मोड आलेली कडधान्यं. मोड पौष्टिक म्हणून मुद्दाम देतात, पण त्या ओलसर उबेत जंतूही वाढतात. उसळ करून द्या. पाणी उकळलेलं. सकाळचं रात्री वाढायचं असेल तर फ्रिजमध्ये ठेवून, चांगलं वाफवून.

तोंड आलंय, पाणीही झोंबतं.

तोंडातल्या आतल्या त्वचेच्या पेशी केसांच्या मुळांसारख्याच भराभर वाढणाऱ्या. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते, तिला गाठीतली पेशी आणि तोंडातली पेशी वेगळी ओळखता येत नाही. आतडी, केस, रक्त तयार करणारी हाडांतली मज्जा, सगळ्यांचा त्रास त्याच कारणाने.

तोंड यायची वाट न बघता पहिल्या दिवसापासून गुळण्या सुरू करा. एक कप कोमट पाणी, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ; दिवसातून चार ते सहा वेळा, खाल्ल्यावर आणि झोपताना. बाजारातले अल्कोहोलवाले माउथवॉश नकोत, ते आग वाढवतात. ब्रश लहान मुलांचा, मऊ. फोड फार दुखत असतील तर जेवणाआधी लावायचं बधिर करणारं जेल किंवा औषध डॉक्टर देतात, ते मागून घ्या. जिभेवर, गालात दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ती बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं. सोड्याने जात नाही.

आणि मिश्री. आपल्या गावाकडच्या अनेक बायका सांगत नाहीत, पण दात घासायला मिश्री लावतात आणि केमोतही लपून लावतात. तो जाळलेला तंबाखूच आहे. सोलवटलेल्या तोंडात तो चोळणं फार वाईट. रागावून ती सुटत नाही. सिस्टरांना किंवा डॉक्टरांना शांतपणे सांगा, सोडायला मदत मिळते.

पोट साफ होत नाही. कधी एकदम जुलाब.

खडा होण्याचं मोठं कारण उलटीची गोळी, ओन्डान्सेट्रॉन. दोन दिवस झाले तरी शौचाला झालं नाही तर लगेच सांगा, लॅक्टुलोजसारखं औषध मिळतं. इसबगोल घ्यायचं तर त्यावर भरपूर पाणी हवं, नाहीतर उलट घट्ट होतं. काउंट खाली असताना एनिमा किंवा गुदद्वारातून घ्यायची औषधं परस्पर वापरू नका. तिथे बारीक जखम झाली तरी जंतू रक्तात शिरतात.

जुलाबात ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायचं. दूध काही दिवस बंद. जुलाब थांबवायची गोळी विचारूनच.

केस कधी जातात? आधीच कापावेत का?

लाल औषधाने पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात. भुवया, पापण्याही जाऊ शकतात. सगळ्याच केमोंनी केस जात नाहीत, तुमच्या औषधाने जातात का ते विचारा. आईची कमरेपर्यंतची वेणी होती. सतराव्या दिवशी सकाळी उशीवर केसांचा पुंजका दिसला आणि ती काही बोलली नाही, उशीचा अभ्रा काढून धुवायला टाकला. त्याच संध्याकाळी माझ्या भावाने मशीन आणून तिचे केस काढले. आधीच बारीक कापले असते तर तो सकाळचा क्षण कदाचित टळला असता. पण हा निर्णय ज्याच्या डोक्यावरचे केस त्याचा. घरच्यांनी घाई करू नये. वस्तऱ्याने मात्र काढू नका, कापलं तर जंतू शिरतात.

डोक्याला सुती रुमाल किंवा जुन्या मऊ साडीचा तुकडा सगळ्यात चांगला. पंख्याखाली गार लागतं, रात्री टोपी हवी. विग घेणार असाल तर केस असतानाच फोटो काढून ठेवा. शेवटच्या केमोनंतर बहुतेकांचे केस तीन ते सहा महिन्यांत परत येतात. आईचे सुरुवातीला कुरळे आले.

हातापायांना मुंग्या येतात, बटण लावता येत नाही.

पॅक्लिटॅक्सेल आणि त्याच्यासारख्या औषधांनी नसांची टोकं दुखावतात. मोज्या-हातमोज्यांच्या जागी बधिरपणा येतो. ब्लाउजचे हूक लागत नाहीत, सुईत दोरा ओवता येत नाही, भाकरी थापताना जाडीचा अंदाज येत नाही. हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण बधिरपणा वाढत असेल तर ते डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. उशीर झाला तर तो बराच काळ राहतो. आईने पाच आठवडे सांगितलं नाही. पायातली चप्पल कधी निसटली हे तिला कळलं नाही, तेव्हा आम्हाला कळलं.

घरात अनवाणी चालू नये. तवा, कुकर, गरम पातेलं दुसऱ्याने उचलावं, चटका लागलेला कळत नाही. अंघोळीचं पाणी कोपराने तपासावं. बाथरूममध्ये रबरी चटई. मेडिकलमधून 'नसांच्या ताकदीच्या' गोळ्या परस्पर आणू नका. त्यांतल्या काहींत असणाऱ्या असिटिल एल कार्निटिनने पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधं घेणाऱ्या स्त्रियांच्या मुंग्या उलट वाढल्याचं अभ्यासात दिसलं आहे. दुखत असेल तर ड्युलोक्सेटिन नावाचं औषध आहे, त्याबद्दल विचारा.

आतड्याच्या कर्करोगात देतात ते ऑक्झॅलिप्लॅटिन वेगळंच त्रास देतं. त्यात थंडी चालत नाही. फ्रिजमधली बाटली धरली की बोटांत करंट लागल्यासारखं होतं, गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा वाटतो. काही दिवस कोमट पाणी आणि हातमोजे. इतर काही केमोंत तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळायला सांगतात, तो सल्ला या औषधात लागू नाही.

कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायक्लोफिनॅकचं १ टक्क्याचं साधं जेल हातांना दिवसातून दोनदा लावल्यावर हा त्रास वाढण्याचं प्रमाण शंभरात सुमारे १५ वरून ४ वर आलं. स्वस्त गोष्ट आहे, डॉक्टरांना जरूर विचारा.

दिवसभर पडून राहावंसं वाटतं. विश्रांती घेऊ द्यावी का?

घेऊ द्यावी, पण दिवसभर नाही. केमोचा थकवा झोपेने पूर्ण जात नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं, घरातल्या घरात का होईना, चालणाऱ्यांचा थकवा कमी असतो. आई गॅलरीत तुळशीच्या कुंडीपर्यंत दहा येरझाऱ्या घालायची, वहीत लिहायची. मातीत मात्र हात घालायचा नाही, किंवा हातमोजे घालून. थकवा अचानक वाढला तर हिमोग्लोबिन तपासा.

काउंट वाढवायच्या इंजेक्शनने हाडं ठणकतात. घ्यायचं नाही का?

घ्यायचं. मज्जा जोरात कामाला लागते म्हणून कंबर, मांड्या, छातीचं हाड दुखतं. दोन-चार दिवसांत जातं. वेदनेची गोळी घेण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा. इंजेक्शन केमोनंतर किमान २४ तासांनी देतात. ते फ्रिजच्या खणात ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. प्रवासात बर्फाच्या पिशवीवर थेट ठेवू नका, गोठलं तर वाया जातं.

गुळवेल, गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस सोबत चालतो का?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू नेहमी प्रेमाचाच असतो, म्हणून नीट उत्तर देते. केमोची बरीच औषधं यकृतातून जातात. यकृताला दुसऱ्या कशानेही इजा झाली की पुढची केमो लांबते. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या, यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पण मग कुंपणावरची वेल नेमकी कुठली, याची खात्री आपल्याला कोण देणार? पपईच्या पानांनी केमोत प्लेटलेट्स वाढतात याला भक्कम आधार नाही, आणि कच्च्या रसातून जंतू जातात ते वेगळंच. स्वयंपाकातली हळद, आलं, जिरं चालतं. हळदीच्या कॅप्सूल, काढे, चूर्णं केमो संपेपर्यंत नकोत. आणि घेत असाल तर लपवू नका, डॉक्टर ओरडले तरी सांगा.

घरात लहान मुलं आहेत. भांडी, अंथरूण वेगळं ठेवायचं का?

कर्करोग शिवल्याने पसरत नाही. ताट, पेला, मांडी, मिठी, सगळं चालतं. केमोनंतर साधारण ४८ तास औषधाचे अंश लघवी, शौच, उलटीतून बाहेर पडतात. तेवढ्या काळात शौचालयात झाकण लावून दोनदा पाणी सोडा, उलटी पुसताना आणि कपडे धुताना हातमोजे घाला, ते कपडे वेगळे धुवा. गरोदर बाईने ते काम करू नये. सर्दी-खोकला झालेल्या मुलाला मात्र चार दिवस लांब ठेवा. घरच्यांनी फ्लूची लस घेतली तर पेशंटचंही रक्षण होतं.

भेटायला येणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

पेशंटला वाईटपणा घ्यायला लावू नका, तो तुम्ही घ्या. आमच्या दारावर मी कागद लावला: 'डॉक्टरांनी भेटी बंद केल्या आहेत. फोन करा, आईला आनंद होईल.' गणपतीत लोक आले, खालूनच हात करून गेले. "अगं, केवढी खंगलीस!" किंवा "आमच्या शेजारच्या त्या गेल्या ना याच आजारात" हे ऐकण्यापेक्षा ते बरं. ज्यांना मदत करायची आहे त्यांना काम सांगा: मंगळवारचा डबा, रिपोर्ट आणणं, दवाखान्यात दोन तास बसणं.

नवरा-बायकोचे संबंध?

हा प्रश्न फार थोडे जण तोंडाने विचारतात. काउंट आणि प्लेटलेट्स ठीक असतील आणि दोघांची इच्छा असेल तर हरकत नसते. केमोनंतरचे काही दिवस निरोध वापरावा. पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात आणि केमोत गर्भाला धोका असतो, म्हणून गर्भनिरोधन लागतंच. कोणतं, ते डॉक्टर सांगतील. पुढे मूल हवं असेल तर पहिल्या केमोच्या आधी विचारा. कोरडेपणा, इच्छा न होणं हेही दुष्परिणामच आहेत, सांगायला लाजू नका.

बाहेरगावाहून येतो. राहण्याचं, खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, रेशनकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा. उपचाराला जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं तिकीट कर्करोगाच्या रुग्णाला पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत परळला उपचार असतील तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे राहायची सोय होते. जागा लवकर भरतात, पहिल्याच भेटीत समाजसेवा विभागात नाव द्या.

शेवटची केमो झाली. आता सगळं लगेच बरं होतं का?

नाही, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून घरच्यांचा धीर सुटतो. चव महिन्या-दोन महिन्यांत येते. काळवंडलेली नखं वाढत बाहेर जायला सहा महिनेही लागतात. विसरायला होणं, शब्द न आठवणं काही महिने राहतं. थकवा हळूहळू उतरतो. मुंग्या सगळ्यात चिवट, काहींच्या वर्षाने जातात, काहींच्या थोड्या राहतात.

आईने शेवटच्या केमोनंतर अडीच महिन्यांनी पहिली भाकरी थापली. एका बाजूला जाड झाली होती. पायांच्या बोटांतला बधिरपणा अजून आहे, त्यामुळे ती घरातही चप्पल घालते, आणि देवघराच्या उंबऱ्याशी ती काढून भिंतीचा आधार घेत आत जाते.